कुलंजनाचा वाफा

परवा नात पुण्याहून आली आणि पिशवीतून एक पुडकं काढून तिनं माझ्या हातात ठेवलं. पांढरी उथळ डबी, वर ताणून बसवलेलं प्लॅस्टिक, आणि आत बोटभर लांबीचं, गुलाबी कोंबांचं एक मूळ. "आजी, थाई आलं. आता सगळीकडे मिळतं," ती म्हणाली. मी प्लॅस्टिक फाडलं, नखानं साल खरवडली आणि मूळ नाकाशी नेलं. वास तोच. नात कौतुकानं बघत होती, तिला वाटलं आजी खूश होईल. मला मात्र असा संताप आला की ते मूळ मी परत डबीत टाकून दिलं. थाई आलं म्हणे! ह्याच मुळापायी माझ्या आईला शिरूरच्या अंगणात भरदुपारी चारचौघांत उभं केलं होतं. तेव्हा कोणी त्याला आलं म्हटलं नाही. 'त्या बाईची जडीबुटी' म्हणाले. ज्यांनी तेव्हा नाकाला पदर लावला त्यांचीच नातवंडं आज ते हौसेनं घरी नेतात. नेऊ देत बापडी. पण मला सगळं आठवतंय, आणि आठवणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही, तेव्हा हे लिहून ठेवते.

माझी आई बाली बेटावरची. वडील दुसऱ्या महायुद्धात पलटणीची गाडी चालवायचे आणि लढाई संपता संपता त्यांची तुकडी जावा बेटावर, सुराबायाच्या बंदरात होती. तिथं आईच्या मावशीची भाताची खानावळ होती. वडील रोज तिथं जेवायला जाऊ लागले आणि परत येताना आईला घेऊन आले. तिचं नाव न्योमान. आप्पांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, शिरूरला पुन्हा अक्षता टाकून घेतल्या आणि नाव ठेवलं नर्मदा. पण नर्मदा कोणी म्हटलं नाही. घरात 'नेमा' आणि घराबाहेर 'चिनीण'. ती हिंदू होती, आमच्याइतकीच. रोज सकाळी अंघोळ करून उंबऱ्याजवळ केळीच्या पानाच्या तुकड्यावर चार फुलं आणि भाताची शितं ठेवायची, हात जोडायची. तिच्या मुलखात घरोघर ठेवतात. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या बायका त्याला उतारा म्हणायच्या आणि मुलांना हाताला धरून लांबून न्यायच्या. फुलं तीच, तांदूळ तेच, जोडलेले हातही तसेच. फक्त नाक थोडं बसकं होतं.

वडील लढाईनंतर दौंडच्या लोको शेडमध्ये लागले. आमची दोन खोल्यांची क्वार्टर शेडच्या मागच्या अंगाला होती. दिवसरात्र इंजिनांचा सुस्कारा, शंटिंगचे धक्के, शिट्ट्या, आणि दोरीवरच्या धुण्यावर काजळी. ह्या सगळ्या आवाजांतून मला आमच्या घराचा आवाज वेगळा ऐकू यायचा. आई सकाळी उखळात वाटण कुटायची. आधी टक्टक् असा कोरडा आवाज, मग हळूहळू ओला, जाड. तिच्याकडे सगळ्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे हे वाटण. त्याला ती 'बासा गनेप' म्हणायची, म्हणजे पुरा मसाला. त्यातलं एक कमी असलं तर तो पुरा नाही, असं ती हाताचे पंजे पसरून सांगायची. कांदा, लसूण, मिरच्या, ओली हळद, धने, चिंच, गूळ, हे आपल्याकडे होतंच. उरलेल्यासाठी तिनं काय काय केलं ते सांगायला लागले तर मला माझाच राग येतो, की त्या वेळी मी नुसती कडेवर टोपली घेऊन तिच्यामागून हिंडत होते आणि मला ती गंमत वाटत होती.

गवती चहा क्वार्टरच्या प्रत्येक परसात होता. पण लोक चहात पात टाकायचे आणि आईला हवा असायचा खालचा पांढरा बुडखा. तो ठेचून ती वाटणात घालायची. शेजारच्या गुलशनखाला पाती स्वतःला ठेवून बुडखे आईला द्यायच्या. त्यांचे मालक शेडमध्ये फिटर, आणि सासरचं घर कित्येक पिढ्या दौंडातलंच. भीमेच्या कडेला त्यांच्या दिरानं बदकं पाळली होती. दौंडात बदक कोणी खात नसे, अंडी तेवढी न्यायचे. आईनं पहिल्यांदा अख्खं बदक मागितलं तेव्हा खालांनी विचारलं, "कशाला गं? औषधाला?" आईनं ते मसाला भरून, केळीच्या पानात गुंडाळून, भाताच्या तुसात पुरून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत धुमसत ठेवलं. हाडापासून मांस आपोआप सुटलं. खालांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "नेमा, आतापत्तूर आमी अंडीच खात बसलो की गं!" तेव्हापासून त्या दोघींचं जे जमलं ते शेवटपर्यंत.

ईडलिंबाची कोवळी पानं एका साहेबाच्या बंगल्यातला माळी कुंपणावरून द्यायचा. तिच्याकडे वाटणात एक तेलकट बी लागायचं, ते काही इथं मिळेना. तिनं चारोळी घालून पाहिली, खोबरं पाहिलं, शेवटी शेंगदाण्यावर भागवलं आणि दर वेळी कुटताना मान हलवून म्हणायची, "हे न्हाई ते." सर्वांत मोठा तमाशा झाला तो सुकटीवरून. तिकडे बारीक कोळंबी मिठात कुटून, आंबवून, वाळवून तिच्या वड्या करतात. आई बाजारातून वाळका जवळा आणायची, मिठाचं पाणी शिंपडून कुटायची आणि पाटावर उन्हात ठेवायची. वास यायचा, नाही म्हणत नाही. पण समोरच्या क्वार्टरमधल्या कारकुनाच्या बायकोनं आमच्या पायरीवर गोमूत्र शिंपडलं. तिच्या स्वतःच्या चुलीवर दर आठवड्याला बोंबील भाजायचे आणि तो वास थेट शेडपर्यंत जायचा. तिच्या घरी भाजले की बोंबील, आणि आमच्या घरी वाळवली की घाण! ही तऱ्हा मी पुढं आयुष्यभर पाहिली, पण पहिल्यांदा पाहिली ती त्या पायरीवर.

दोन गोष्टी मात्र कशानंच भागेनात. तिच्या बोलीत एक 'इसेन' आणि दुसरं 'चेकुह'. दोन्ही मुळंच. आम्ही सुट्टीत आणि सणाला शिरूरला जायचो. दौंडहून न्हावऱ्यावरून एसटी जायची, धुळीनं केस पांढरे होऊन आम्ही उतरायचो. शिरूरच्या पेठेत एक काष्ठौषधीचं दुकान होतं. मालकांना सगळे वैद्यबुवा म्हणत. आईनं तिथली एकेक बरणी उघडून हुंगली आणि एकाएकी तिचा चेहरा उजळला. तिच्या हातात लाकडाच्या ढलपीसारखा तांबूस तुकडा होता, वाळलेलं इसेन. "हे कुलंजन," वैद्यबुवा म्हणाले. "गवई लोक चघळतात, गळा साफ होतो. गाता काय तुम्ही?" आई म्हणाली, "न्हाई. खाते." वैद्यबुवा हसले. त्यांच्याकडची पिंपळीही तिला ओळखीची निघाली, तिच्या गावी मिरीऐवजी तीच घालतात. चेकुह म्हणून त्यांनी कपूरकाचरी बांधून दिली. ती घातल्यावर आमच्या रश्श्याला दिवाळीच्या उटण्याचा वास आला, वडिलांनी ताट सरकवलं आणि आई हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. ते हसू होतं की दुसरं काही, हे मला तेव्हा कळलं नाही.

वाळलेलं कुलंजन भिजवून वापरलं तरी त्यात जीव नसायचा. जिवंत मूळ मिळालं ते रेल्वेमुळं. मद्रासच्या बाजूला गाड्या घेऊन जाणारे एक मलबारी गार्ड होते, कुन्हीरामन. दौंडच्या रनिंग रूममध्ये त्यांचा मुक्काम असायचा आणि वडिलांशी ओळख होती. आईनं त्यांना वाळकं कुलंजन दाखवून, हातवारे करून विचारलं. ते म्हणाले, "ये तो हमारे माँ के आंगन में है." पुढच्या खेपेला त्यांनी ओल्या गोणपाटात बांधून दोन्ही मुळं आणली, इसेनही आणि चेकुहही. आईनं गोणपाट उघडला, तोंड आत घातलं, आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

आता लावायची कुठं? क्वार्टरच्या परसात माती नव्हतीच, इंजिनातल्या जळक्या कोळशाची खर नुसती. शिरूरला घोड नदीजवळ आमचं रान होतं. विहीर, पाट, पाटाच्या कडेला केळी. रान आप्पा कसायचे, कांदा आणि भाजीपाला काढायचे, पण त्यात वडिलांचा निम्मा हिस्सा होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आई कोणाच्या परक्या रानात गेली नव्हती. पाटाच्या कडेला, केळीच्या सावलीत तिनं एक वाफा केला, अंथरुणाएवढा. इसेन, चेकुह, हळद आणि कडेनं गवती चहा. दोन पावसाळ्यांत इसेन माझ्या खांद्याएवढं वाढलं. शिरूरला गेलं की ती आधी वाफ्याकडे जायची, मग घरात. आप्पांच्या बायकोला, थोरल्या काकूंना, ते आवडायचं नाही. "देवाच्या पाया पडायच्या आदी मुळ्यांच्या पाया पडती," त्या म्हणायच्या.

त्या घरात आईशी मनापासून बोलायची ती एकटी शकूवहिनी, आप्पांच्या रंगनाथची बायको. अठरा-एकोणीस वर्षांची, सडपातळ, हसली की तोंडावर हात धरणारी. आई चवळीच्या शेंगा बारीक चिरून, वाफवून, त्यात नारळ आणि तो मसाला कालवून एक भाजी करायची. वहिनी मागून मागून खायची. "धाकल्या आत्याबाई, ह्यात काय घातलंय वो? भाकरी सरती पर भाजीवरचं मन सरत न्हाई." त्या वर्षी दसऱ्याला गेलो तेव्हा वहिनीला दिवस गेलेले होते, पाचवा महिना असेल. कांदा चाळीतून काढून पोत्यात भरायचं काम चाललेलं. आई तिला पाहून काकूंना म्हणाली, "हिला बसू द्या. तोंड पिवळं दिसतंय." काकू म्हणाल्या, "आमी काय पोटुश्या न्हवतो कवा? नांगरटीच्या दिवसांत रंगा झाला माजा." आईनं संध्याकाळी ती भाजी केली, वहिनीनं पोटभर खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडला परतलो.

चार-पाच दिवसांनी आप्पांचा गडी निरोप घेऊन आला. दोघांना बोलावलंय, ताबडतोब. मला कोणाकडे ठेवायचं म्हणून मीही बरोबर गेले.

अंगणात घोंगडी अंथरली होती. आप्पा, रंगनाथ, भावकीतले दोघे म्हातारे, आणि पेठेतले वैद्यबुवा. थोरल्या काकू दारात बसलेल्या. वडिलांना घोंगडीवर जागा केली. आईला कोणी बस म्हटलं नाही, ती तुळशीजवळ उन्हात उभी राहिली आणि मी तिच्या लुगड्याला धरून. तेव्हा कळलं की शकूवहिनीचं पोट पडलं होतं.

आप्पा वडिलांकडे बघून बोलले, आईकडे नाही. "पांडुरंगा, तुजी बायकू हितं येती, कसल्या मुळ्या लावती, रांधती, पोरीला खाऊ घालती. आन् चौथ्या दिवशी ही तऱ्हा. तूच सांग आता."

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"वैद्यबुवा, तुमी सांगा," एक म्हातारा म्हणाला. "त्या मुळ्या कसल्या?"

हा माणूस वर्षानुवर्षं आईला कुलंजन बांधून देत होता. ती खाते, पोराबाळांना घालते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या पुढ्यात मी लहानाची मोठी झाले. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, "कुलंजन गरम असतं, हे खरं. पिंपळीसुद्धा गरमच." बस्, एवढंच. पुढं म्हणाला नाही की मिरीही गरम असते, लसूणही गरम असतो आणि आप्पांच्या घरात दोन्ही रोज खातात. एवढं अर्धं वाक्य टाकून तो पानाला चुना लावायला लागला. आयुष्यात मला खोटं बोलणारी माणसं पुष्कळ भेटली. त्यांचा मला इतका राग आला नाही, जितका ह्या अर्धं खरं बोलणाऱ्याचा आला.

"मी बी खाल्लं," आई म्हणाली. "लूहनं बी खाल्लं." लूह म्हणजे मी, तिच्याकडे लेकीला तसं म्हणतात. "समद्यांनी खाल्लं. हिचं तोंड पिवळं होतं, मी सांगितलं होतं. पोती—"

"चारचौघांत बाईमाणसानं बोलायचं न्हाई," आप्पा म्हणाले. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. क्षीण, पण आला. "त्यांचा काय बी दोस न्हाई वो... मामंजी..." काकू उठल्या आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. तो आवाज मी ऐकला. घोंगडीवर बसलेल्या प्रत्येकानं ऐकला. वडिलांनीही ऐकला, कारण त्यांचं टोपीवरचं बोट थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.

मग आप्पांनी गड्याला हाक मारली आणि सगळे पाटाकडे गेले. गड्यानं कुदळ घेऊन वाफा उलथापालथा केला. इसेनाच्या मुळ्या जाडजूड झाल्या होत्या, कुदळ लागली की फाटून त्यांतून वास सुटायचा, आणि त्या वासानं सगळं रान भरून गेलं. मुळं उकिरड्यावर टाकून वर रॉकेल ओतलं. आई बघत होती. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, "केळी बी काढणार?" त्या केळींतली पहिली चार खोडं शिरूरला नवी आली तेव्हा तिनंच लावली होती, पानांसाठी. आप्पा म्हणाले, "केळीनं काय केलंय?" केळीचे घड बाजारात जायचे ना! पोट पाडणाऱ्या बाईच्या हातच्या केळी मात्र चालल्या त्यांना. हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

येताना एसटीत आई खिडकीतून बाहेर बघत बसली. घरी आल्यावर तिनं उखळ धुतलं, पुसलं आणि खाटेखाली पालथं घालून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पिठलं, आमटी, वांग्याची भाजी. सगळ्यांच्या घरात असते तशी. वडील व्यवस्थित जेवत होते. तेच मला सोसवेना. मी त्यांच्याकडे बघत बसायची, की आता घास अडकेल, आता अडकेल. नाही अडकला. उंबऱ्यावरची फुलंसुद्धा तिनं बंद केली होती आणि समोरची कारकुनाची बायको आता आमच्या दारावरून सरळ जायला लागली.

हे मोडलं गुलशनखालांनी. एके दिवशी त्या चार फुटके रॉकेलचे डबे घेऊन आल्या, आणि मागून त्यांचा दीर भीमेकाठची माती पोत्यात घेऊन. "हे घे. तुजं रान," त्या म्हणाल्या. आई नको म्हणाली. खाला म्हणाल्या, "तुज्यासाटी न्हाई बाई, माज्यासाटी. त्या बदकावाचून मला करमंना झालंय." कुन्हीरामनना निरोप त्यांनीच पाठवला होता. पुन्हा ओल्या गोणपाटातून मुळं आली, डब्यांत रुजली, मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर वाढली. उखळ खाटेखालून बाहेर आलं. वडील त्या डब्यांना पाणी घालायचे, कोणी न सांगता. आई ते बघायची आणि आपलं वाटण कुटत राहायची. मला मात्र वाटायचं, पाणी काय घालता? तोंड उघडायचं होतं तेव्हा उघडलं नाहीत.

उन्हाळ्यात एका दुपारी दारात शकूवहिनी उभी. हातात गाठोडं, पायांत वहाणा नाहीत, आणि पोट दिसत होतं. एकटी आली होती, एसटीनं.

"धाकल्या आत्याबाई, मी ऱ्हाया आलीय," ती म्हणाली. "कुणी पाठवलं न्हाई. भाजी तोडून येते म्हणून निघाले."

आईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं, पाय धुतले. पाणी पिऊन झाल्यावर वहिनी धडाधडा बोलायला लागली, जणू कोणी थांबवेल अशी भीती होती. "त्या टायमाला मी पोती उचलत हुते. दुखाया लागलं तवाच सांगितलं थोरल्या आत्याबाईंना. म्हनल्या, नाटकं करू नगं. दोन दीस तसंच उचललं. रगत दिसलं तवा मामंजींनी सवता बघितलं. समद्यांना ठावं हुतं वो. समद्यांना. मी आतनं वरडले तर दार लावलं. आता पुन्ना कांदा निघालाय, पुन्ना पोती हाईत. हे बी जाईल."

समद्यांना ठाऊक होतं. म्हणजे चुकून नाही, अडाणीपणानं नाही. आपल्या घरची गोष्ट झाकायला एक बाई हवी होती, आणि सगळ्यांत लांबून आलेली बाई हाताशी होती. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. मला वाटलं आई आता भांडी आपटेल, शिव्या देईल. ती उठली, उखळ ओढलं आणि मला म्हणाली, "लूह, डब्यातनं इसेन काढ. जाड बघून."

दोन दिवसांनी सकाळीच आप्पा आणि रंगनाथ आले. वडील घरी होते, ड्युटीचा डबा भरून पुढच्या खोलीत ठेवलेला. आप्पा खुर्चीवर बसले, पाणी प्याले, आणि वडिलांना म्हणाले, "पोर न्यायला आलोय. घरचं मानूस दुसऱ्याच्या दारात ऱ्हातंय, बरं दिसत न्हाई."

वडील म्हणाले, "व्हय." बघा, बोलले ते. 'व्हय' म्हणाले!

तेव्हा आई आतल्या दारातून पुढं आली. पदर खोचलेला, हाताला हळद. "आप्पा, ती येनार न्हाई."

"तुला इचारलं न्हाई."

"कवाच इचारलं न्हाई. म्हनून आता न इचारता सांगते. तुमी माजा वाफा उपटला, मी गप बसले. मला वाईट म्हनलात, मी गप बसले. मला वाटलं, मी लांबची, मला हितलं कळत न्हाई. पर पोती मला कळतात. रगत मला कळतं. तुमी बघितलं हुतं. बघून माजं नाव घेतलंत. आता ही बाळंत हुईस्तवर हितं ऱ्हानार. रंगनाथ, तुला बायकूला भेटायचं असंल तर ये. जेव, ऱ्हा. न्यायचं नाव काढायचं न्हाई."

इतकं मराठी ती सलग कधी बोलली नव्हती. आवाज चढवला नव्हता, पण शेजारच्या दारांत बायका आल्या होत्या आणि गुलशनखाला तर सरळ आमच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. रंगनाथ खाली बघत होता. आप्पा उठले, चेहरा काळानिळा. वडिलांना म्हणाले, "पांडुरंगा, आवर तुज्या बायकूला."

मी वडिलांकडे पाहिलं. मला अजून आशा होती, हे मी कबूल करते. वडिलांनी डबा उचलला, टोपी घातली आणि ते ड्युटीला निघून गेले. त्यांच्या पाळीला अजून पुष्कळ वेळ होता. आप्पा दारात उभे राहून भावाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मग तेही गेले, रंगनाथ त्यांच्यामागून. वहिनीला कोणी नेलं नाही.

ती आमच्याच क्वार्टरमध्ये बाळंत झाली, गुलशनखालांच्या आणि आईच्या हातावर. मुलगी झाली. रंगनाथ आला, लेकीला मांडीवर घेऊन बसला, आईच्या हातचं जेवला. आप्पा आणि काकू आले नाहीत, आणि त्या अंगणातल्या दुपारबद्दल दोघांपैकी कोणी मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. वैद्यबुवा पुढंही दुकानात बसून लोकांना औषधं देत राहिले, लोक त्यांच्या पाया पडत राहिले. कोणाचं काही बिघडलं नाही. लोक मला म्हणतात, आता इतक्या वर्षांनी कशाला उगाळायचं. वडीलही म्हातारपणी हेच म्हणायचे. "थोरला भाऊ हुता," म्हणायचे, "बापाच्या जागी." ते चांगले होते. आईला त्यांनी कधी दुखवलं नाही, हात उगारला नाही, बेटावरून आणलं तर शेवटपर्यंत सांभाळलं, सगळे असंच सांगतात. मला ते खोडून काढता येत नाही. पण चांगल्या माणसाच्या गप्प बसण्याला काय म्हणायचं, ते मला कोणी सांगितलेलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही.

आईनं केलं का, तेही मला माहीत नाही. आप्पा वहिनीला न्यायला आले त्या दिवसाची संध्याकाळ तेवढी मला माहीत आहे. आप्पा गेल्यावर आईनं बदक शिजवायला घेतलं होतं, खाला तूस घेऊन आल्या होत्या, आणि दिवे लागायच्या सुमाराला आम्ही चौघी जमिनीवर बसून जेवत होतो. आई, खाला, वहिनी आणि मी. वहिनी हाडं चोखत होती. वडील पाळी संपवून आले, हातपाय धुतले आणि नेहमीच्या जागी पाटावर बसले. वाट बघत राहिले. आमच्या घरात त्यांचं ताट आधी वाढलं जायचं, रोज, न चुकता. आई जेवत राहिली. वहिनी घाबरून अर्धवट उठली, तर आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

थोड्या वेळानं वडील म्हणाले, "माजं ताट?"

आईनं घास गिळला, आणि त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाली, "देवानं तुमाला तोंड दिलं, ते तुमी वापरलं न्हाई. हात तरी वापरा."

वडील उठले. फळीवरून ताट काढलं, भांड्याशी उकिडवे बसले आणि स्वतःच्या हातानं वाढून घ्यायला लागले. त्यांना डाव कुठं असतो तेही ठाऊक नव्हतं. आम्ही कोणीही सांगितलं नाही.